त्रेचाळीस पूर्णांक दोन दशांश

महाराष्ट्र विधानसभेत २८८ आमदार. त्यांचे पंधरा टक्के काढले की येतात ४३.२. दोन दशांश माणसाला शपथ देता येत नाही, म्हणून मंत्र्यांची संख्या ४३ वर थांबवायची. त्यातच मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, राज्यमंत्री सगळे आले. निकालानंतर गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्यांचे नशीब या एका हिशेबावर ठरते. हरियाणात आमदार ९०, म्हणजे साडेतेरा. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री धरून १४ जणांनी शपथ घेतली. त्यातला अर्धा कोण, हे त्यांचे त्यांना ठाऊक!

मूळ राज्यघटनेत ही मोजणी नव्हतीच. राज्यपालांना सल्ला द्यायला मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल, एवढेच अनुच्छेद १६३ सांगतो. किती जणांचे, कुठल्या दर्जाचे, याबद्दल चकार शब्द नाही. केंद्राबाबत अनुच्छेद ७४ तितकाच मोघम. 'कॅबिनेट' हा रोजच्या बातमीतला शब्दसुद्धा घटनेत शिरला तो १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने, आणि तोही आणीबाणीच्या कलमात: पंतप्रधानांनी एकट्याच्या मर्जीने आणीबाणी पुकारू नये म्हणून.

या मोघमपणाचा फायदा राजकारण्यांनी घेतला नसता तरच नवल. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंह यांच्या मंत्रिमंडळात ९३ जण होते. विधानसभा ४२५ जागांची. फुटून आलेल्यांची सोय लावायची तर खाती कमी आणि मंत्री जास्त होणारच. अखेर २००३ ची ९१ वी घटनादुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २००४ पासून मर्यादा लागू झाली. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या आयोगाने दहा टक्के सुचवले होते, संसदेने पंधरा केले. महाराष्ट्राच्या विधानपरिषदेचे ७८ सदस्य या हिशेबात धरत नाहीत. पण परिषदेतला सदस्य मंत्री झाला तर जागा त्रेचाळीसांतलीच खातो.

वरची मर्यादा सर्वांना पाठ असते, खालची फारशी कुणाला आठवत नाही. राज्यात बारापेक्षा कमी मंत्री नसावेत, असेही तीच दुरुस्ती म्हणते. गोव्यात चाळीस आमदारांचे पंधरा टक्के म्हणजे सहाच. पण या तरतुदीमुळे तिथे बारा जणांचे मंत्रिमंडळ चालते, म्हणजे दर दहा आमदारांमागे तीन मंत्री. उलट महाराष्ट्रात ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस यांनी शपथ घेतली, पुढचे १८ जण आले ते ९ ऑगस्टला. चाळीस दिवस २८८ आमदारांच्या राज्याचा कारभार दोघांच्या हाती. बारा किती दिवसांत व्हावेत, हे घटना सांगत नाही.

पुढचे दार बंद झाल्यावर मागचे उघडले. आमदारांना संसदीय सचिव नेमायचे, मंत्र्यासारख्या सवलती द्यायच्या. गोव्यातल्या अशा नेमणुका मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये रद्द केल्या, आसामचा तसा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये. महामंडळांवरच्या नेमणुका आणि त्यासोबतचा 'राज्यमंत्रिपदाचा दर्जा' मात्र अजून सुखाने नांदतो आहे.

उपमुख्यमंत्र्याची गोष्ट आणखी मजेची. महाराष्ट्रात हे पद १९७८ मध्ये नाशिकराव तिरपुडे यांच्यापासून आले, पण घटनेत त्याचा उल्लेखच नाही. शपथेच्या मसुद्यात 'मंत्री' एवढाच शब्द. केंद्रातही तेच: डिसेंबर १९८९ मध्ये देवीलाल शपथ घेताना 'उपपंतप्रधान' म्हणाले. राष्ट्रपती आर. व्यंकटरामन यांनी 'मंत्री' असे दुरुस्त केले, देवीलालांनी पुन्हा 'उपपंतप्रधान'च म्हटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'उपपंतप्रधान' हे वर्णनापुरते, कायद्याने देवीलाल मंत्रीच, म्हणून शपथ वैध ठरली. उपमुख्यमंत्री हे निव्वळ बिरुद आहे, असे फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले.

त्याच वर्षी १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात ३९ जणांनी शपथ घेतली. त्याआधी शपथ घेतलेले तिघे धरून ४२. एक जागा तशीच ठेवली गेली.