वृद्धाश्रमांची तपासणी : मोजावे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्ती सुमारे १०.४ कोटी होत्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ साली संमत झालेल्या अधिनियमाच्या कलम १९ नुसार, किमान १५० निराधार वृद्धांची सोय असणारा निदान एक वृद्धाश्रम राज्यांना प्रत्येक जिल्ह्यात उभारता येतो. ही मुभा आहे, सक्ती नव्हे. सेवांचा दर्जा ठरविणेही राज्यांकडेच सोपविलेले आहे. नोंदणी व किमान मानके यांची तरतूद करणारे २०१९ चे दुरुस्ती विधेयक सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये व्यपगत झाले.

बाजारात असमाधानी ग्राहक दुसरे दुकान गाठतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला हा पर्याय नसतो. स्पर्धेचे काम तेथे तपासणीनेच करावे लागते. खाटा व स्वच्छतागृहे मोजणे सोपे असते. परंतु शय्याव्रण, पडण्याच्या घटना, घटणारे वजन आणि चुकलेली औषधे हेच शुश्रूषेचे खरे निदर्शक होत. पूर्वसूचनेविना झालेल्या तपासणीत ते नोंदले जावेत व निष्कर्ष जाहीर व्हावेत. त्याविना कुटुंबांना निवडीचा आधार नाही आणि अनुदानाचा विनियोगही पारखता येणार नाही.