आधी रुजू द्या, मग वळण लावा!

दोस्तांनो, पाऊस सुरू झाला की आपल्या मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या इमारतींकडे जरा मान वर करून पाहा. पाण्याच्या पाइपाशेजारी, गच्चीच्या कठड्यात, कंपाउंडच्या भिंतीत वडाचं नाही तर पिंपळाचं एखादं रोप हमखास दिसेल. ते कुणी लावलं, सांगा पाहू? मैना, बुलबुल, कावळ्यांनी! पक्षी फळं खातात आणि त्यांच्या शिटेतून बी भिंतीच्या फटीत पडतं. मुळांनी भिंतीला तडे जातात, म्हणून सोसायटी ही रोपं उपटून टाकते. त्यातलंच एखादं कुंडीत लावलं तर? भिंत वाचेल, रोप वाचेल आणि तुमचं बोन्सायही सुरू होईल. मात्र उंचावरच्या रोपाच्या वाटेला जायचं नाही. कंपाउंडच्या भिंतीतलं रोप मोठ्यांना विचारून, त्यांच्या मदतीनं काढायचं.

बोन्साय हा जपानी शब्द. ‘बोन’ म्हणजे उथळ कुंडी आणि ‘साय’ म्हणजे लावलेलं झाड. ही कला मूळची चीनची. जपानी लोकांनी ती आपलीशी केली.

आता रोप आणलं की लगेच तार गुंडाळायची का? मुळीच नाही! उपटताना त्याची मुळं तुटलेली असतात. त्याला साध्या, खोल कुंडीत लावा, उजेडात ठेवा. नवी पानं भराभर फुटू लागली की समजा, रोप रुजलं. याला दोन-तीन महिने लागतात.

पुढची गंमत नीट ऐका. खोड वाकवायचं लवकर, पण छाटायचं उशिरा! खोड पेन्सिलीएवढं असतं तोवर ते लवचिक असतं. एकदा जून झालं की वाकत नाही, मोडतं. छाटणीचं उलट आहे. पानं अन्न तयार करतात, त्या अन्नावर खोड जाड होतं. दर आठवड्याला शेंडे खुडलेत तर खोड काडीसारखंच राहील. म्हणून वळण दिल्यावर दोन-तीन वर्षं त्याला मोकळं वाढू द्या. उथळ कुंडी त्यानंतर.

वळण द्यायला ॲल्युमिनियमची तार घ्या. तिची जाडी खोडाच्या साधारण एक तृतीयांश हवी. एक टोक मातीत खोचा आणि तार तिरकी, सारख्या अंतरानं वर गुंडाळत न्या. मग दोन्ही अंगठे टेकवून हळूहळू वाकवा. ‘कट्’ असा बारीक आवाज आला की थांबा! तार नसेल तर फांदी सुतळीनं खाली ओढून कुंडीच्या काठाला बांधली तरी चालते. पावसाळ्यात खोड झपाट्यानं फुगतं, म्हणून दर रविवारी तपासा. तार सालीत रुतू लागली की पकडीनं तिचे तुकडे करून काढा. उलगडायला जाल तर फांदी मोडेल. वडा-पिंपळाचा चीक हाताला लागला तर हात धुवा, डोळ्यांना लावू नका.

“बाई, झाडाला दुखत नाही का?” असं मुलं हमखास विचारतात. झाडाला आपल्यासारखा मेंदू नसतो, पण जखम होते आणि ती भरायला वेळ लागतो. म्हणून एका वेळी एकच काम करायचं: तार, छाटणी किंवा कुंडी बदलणं. नीट सांभाळलं तर बोन्साय किती जगतं? जपानमधलं एक पाइन १६२५ पासून कुंडीत वाढवलेलं आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा ते तिथेच होतं आणि वाचलं! यामाकी कुटुंबानं ते १९७६ साली अमेरिकेला भेट दिलं. आज ते वॉशिंग्टनला आहे.

पालकांनो, पक्कड तुम्ही धरा. पण खोड कोणत्या बाजूला वळवायचं ते मुलांना ठरवू द्या. कुंडी खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर पक्की बांधा. आणि मुलांनो, कुंडीवर आजची तारीख लिहून ठेवा. पाचवीत लावलेलं रोप तुमच्या दहावीच्या वर्षी झाडासारखं दिसू लागेल.