किरकोळ मार, उशिरा येणारी लक्षणे

मेंदू आणि मज्जारज्जू मिळून आपली मध्यवर्ती मज्जासंस्था बनते. हाडांचे कवच, तीन आवरणे आणि सुमारे १५० मिलिलिटर द्रव तिचे रक्षण करतात. जवळपास १,४०० ग्रॅमचा मेंदू या द्रवात तरंगत असल्याने लहानसहान हादरे सोसतो.

वाढत्या वयात मेंदू थोडा आकसतो. कवटी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे मेंदूपासून बाहेरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात पाय घसरून किंवा दाराची चौकट लागून बसलेल्या साध्या मारानेही त्यांतील एखादी फाटू शकते. रक्त हळूहळू साचते. आत मोकळी जागा असल्याने दाब लगेच वाढत नाही. लक्षणे कित्येकदा काही आठवड्यांनी दिसतात. तोवर पडल्याचाही विसर पडलेला असतो.

म्हणून वाचकहो, घरातील वडीलधारे अलीकडेच विसरू लागले, दिवसा पेंगू लागले, डोकेदुखी सांगू लागले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर 'वयच झाले' असे म्हणून सोडून देऊ नका. मागील दोन-तीन महिन्यांत कधी मार लागला होता का, हे डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला मार लागताच त्याच दिवशी तपासून घ्या. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. शुद्ध हरपणे, झटका, वारंवार उलटी, हातापायांतील शक्ती जाणे यांपैकी काही दिसल्यास तडक रुग्णालय गाठा.

निदान सीटी स्कॅनने होते. गरज भासल्यास कवटीला लहान छिद्र पाडून साचलेले रक्त काढता येते. स्मृतिभ्रंश वाटलेली अवस्था त्यानंतर पुष्कळदा ओसरते.