जन्मजात वृक्कविकृती व आनुवंशिकता

वृक्कांची (मूत्रपिंडांची) रचना गर्भावस्थेत बिघडल्यामुळे होणाऱ्या विकृतींना जन्मजात वृक्कविकृती म्हणतात. ‘जन्मजात’ व ‘आनुवंशिक’ हे शब्द समानार्थी नाहीत. दोन्ही वृक्कांची खालची टोके जोडली जाऊन बनणारा अश्वनालाकृती वृक्क बहुधा कुटुंबात एकाच व्यक्तीत आढळतो. मूत्राशयातील मूत्र मूत्रवाहिनीत उलट चढण्याचा विकार मात्र रुग्णाच्या सुमारे एक-चतुर्थांश भावंडांत आढळतो; त्यामागे एकच जनुक (गुणसूत्रावरील आनुवंशिक घटक) नसल्याने धोक्याचा अंदाज निरनिराळ्या कुटुंबांच्या पाहणीवरूनच करावा लागतो.

बहुपुटीय वृक्क या रोगात द्रवाने भरलेल्या असंख्य पुटींमुळे वृक्क निकामी होत जातात. त्याच्या प्रभावी प्रकारातील दोष बहुतेक कुटुंबांत १६ व्या व काहींत ४ थ्या गुणसूत्रावरील जनुकात असतो. १६ व्या गुणसूत्राशी असलेला संबंध १९८५ मध्ये समजला. प्रत्यक्ष जनुक १९९४ मध्ये ओळखले गेले. माता किंवा पिता रोगी असल्यास प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता ५०% असते. पहिले अपत्य रोगी निघाले म्हणून दुसरे सुटेल, हा समज निराधार आहे. पुटींची सुरुवात लवकर होत असली, तरी उच्च रक्तदाब, मूत्रातून रक्त जाणे इ. लक्षणे पुष्कळदा तिशी-चाळिशीत दिसतात. तोपर्यंत रोग्याला मुले झालेली असतात. सुमारे १०% रोग्यांत मात्र कुटुंबात पूर्वी कोणालाच हा रोग नसतो. त्यांच्यात जनुकाचे उत्परिवर्तन (आकस्मिक बदल) नव्याने झालेले असते.

अप्रभावी प्रकार अधिक विरळ असून तो अर्भकावस्थेतच प्रकट होतो. त्याचे जनुक ६ व्या गुणसूत्रावर असते. माता व पिता दोघेही निरोगी वाहक असतात. त्यामुळे दोष एकट्या मातेच्या माथी मारण्यास काहीच आधार नाही. प्रत्येक गर्भाला रोग होण्याची शक्यता २५% असते. रोग्याचे निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश असते. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह रूढ आहे. अशा जोडप्याचे एक आजी-आजोबा समान असल्याने एकच सदोष जनुक दोघांत उतरलेले असू शकते व अप्रभावी रोगाचा धोका वाढतो. प्रभावी प्रकाराच्या बाबतीत नात्यातील विवाहाने असा फरक पडत नाही.

वृक्करोपणाच्या वेळी या प्रश्नाला निकडीचे स्वरूप येते, कारण वृक्क देऊ इच्छिणारे भावंड किंवा अपत्यही त्याच दोषाचे धनी असू शकते. प्रभावी प्रकारात चाळिशीनंतर श्राव्यातीत तरंगांच्या तपासणीत पुटी न आढळल्यास रोग नसल्याचे बहुतांशी मानता येते. तिशीच्या आत तसे निश्चित म्हणता येत नाही. म्हणून तरुण दात्याची, रोग्यात आढळलेल्या उत्परिवर्तनासाठी, जनुकीय तपासणी करणे श्रेयस्कर ठरते.