लॉटरी लागली, पण बक्षीस हाती पडेल?

पिंपरी / प्रतिनिधी

महिन्याचा पगार झाला, की पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण परिसरातील कारखान्यांतून सुटणाऱ्या पाळीतील काही पावले घराकडे वळण्यापूर्वी लॉटरीच्या टपरीपाशी थबकतात. दोरीला चिमट्यांनी लटकवलेली रंगीबेरंगी तिकिटे, त्यावरील लक्ष्मीचे चित्र आणि लाखांचे आकडे यांचे आकर्षण कायम कामगाराला असते, तसेच कंत्राटी कामगारालाही. नशीब आजमावण्यासाठी खिशातील थोडे पैसे काढणाऱ्या यांतील बहुतेकांना तिकीट कसे घ्यायचे हे ठाऊक असते. बक्षीस लागल्यास ते कसे मिळवायचे हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते. किंबहुना, आपण जे विकत घेतले ती खरोखर लॉटरी आहे काय, हा प्रश्नही अनेकदा विचारला जात नाही. बक्षीस हाती पडणे वा न पडणे मात्र बहुतांशी याच दोन गोष्टींवर अवलंबून असते.

मटक्याला पर्याय

महाराष्ट्र राज्य लॉटरीचा प्रारंभ १९६९ मध्ये झाला. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली ती त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये. म्हणजे ही उद्योगनगरी आणि राज्य लॉटरी जवळपास एकाच वयाच्या आहेत. त्या काळी मुंबईसह राज्यातील गिरणगावे व औद्योगिक वस्त्यांत मटक्याचे पेव फुटले होते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लागणाऱ्या सट्ट्यातून जन्मलेला हा जुगार साठच्या दशकात मडक्यातील चिठ्ठ्यांवर आला आणि कामगारांच्या पगाराला गळती लागली. लोकांनी मटक्याकडे वळू नये, त्यांची फसवणूक टळावी आणि शासनाला महसूल मिळावा, हा राज्य लॉटरीमागील विचार होता. त्याआधी केरळने १९६७ मध्ये असा उपक्रम हाती घेतला होता. तेथील पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी झाली. तिकीट एक रुपयाचे होते आणि पहिले बक्षीस ५० हजार रुपयांचे.

राज्य शासनांच्या लॉटऱ्या हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्र सूचीत, तर जुगार व पैजा हा विषय राज्य सूचीत आहे. संसदेने १९९८ मध्ये लॉटरी नियमन कायदा केला आणि २०१० मध्ये त्याखालील नियम आले. लॉटरी शासनाने चालविली तरी तिचे स्वरूप जुगाराचेच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले आहे. जे राज्य स्वतः लॉटरी चालविते, त्याला इतर राज्यांच्या लॉटरीवर बंदी घालता येणार नाही, असेही याच निकालाने सांगितले. त्यामुळे शासकीय लॉटरी आणि मटका यांतील फरक नशिबाचा नाही. तो हिशेबाचा आणि जबाबदारीचा आहे. शासकीय लॉटरीत बक्षिसाची हमी राज्य घेते. मटक्यात कोणीच घेत नाही.

आधी तिकीट ओळखा

कायद्यानुसार लॉटरीचे तिकीट राज्य शासनानेच छापावयाचे असते आणि त्याचा खरेपणा पटावा अशा रीतीने त्यावर शासनाची मुद्रा व बोधचिन्ह असावे लागते. सोडत शासनाने स्वतः आणि आपल्या राज्याच्या हद्दीतच काढावयाची असते. कोणत्याही लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा अधिक सोडत काढता येत नाही आणि बंपर सोडती वर्षाला सहापेक्षा जास्त असू शकत नाहीत. एक अट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकाच आकड्यावर किंवा आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर बक्षीस देता येत नाही.

या अटी डोळ्यांसमोर ठेवून एखाद्या गल्लीतील ‘ऑनलाइन लॉटरी’ची पाटी वाचावी. आत एक संगणक, भिंतीवर पडदा, दर काही मिनिटांनी बदलणारे आकडे आणि हातात पडते ती साध्या कागदावरील चिठ्ठी. तिच्यावर राज्याचे नाव नाही, मुद्रा नाही, सोडतीचे ठिकाण नाही. २००० नंतरच्या दशकात काही राज्यांच्या लॉटऱ्या खरोखरच संगणकीय यंत्रांवरून विकल्या जात असत. ‘ऑनलाइन लॉटरी’ हा शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी बसला आणि त्याच शब्दाच्या आडोशाने आकड्यांचा बेकायदा जुगार चालविणारे पुढे अनेक ठिकाणी निपजले.

अशा ठिकाणी ‘जिंकणाऱ्या’ची स्थिती हरणाऱ्याहून फारशी वेगळी नसते. चालकाने पैसे नाकारले तर दाद मागण्यास जागा नाही, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. उलट, जुगाराच्या अड्ड्यावर खेळताना किंवा खेळण्यासाठी उपस्थित असताना सापडलेली व्यक्तीही १८८७ च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याखाली शिक्षेस पात्र ठरू शकते. शासनाची परवानगी नसलेल्या लॉटरीचे कार्यालय चालविणे हा भारतीय न्याय संहितेनुसारही गुन्हा आहे. मोबाइलवरील पैशांच्या खेळांना तर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने मनाई केली आहे.

तिकीट घेताच स्वाक्षरी करावी

खरे तिकीट हाती आल्यावर पहिले काम म्हणजे त्याच्या मागील बाजूस आपले नाव व पत्ता लिहून स्वाक्षरी करणे. लॉटरीच्या तिकिटावर खरेदीदाराचे नाव छापलेले नसते. साहजिकच ते ज्याच्या हाती, तोच त्याचा मालक असे गृहीत धरले जाते. कंपनीच्या लॉकरमध्ये, बसमध्ये किंवा धुण्याच्या कपड्यांत हरवलेल्या तिकिटाची तक्रार नोंदविता येईलही; पण मूळ तिकिटाशिवाय बक्षिसाची मागणी उभी राहणे अवघड. तिकीट दुमडू नये, भिजू देऊ नये, त्यावर खाडाखोड करू नये. टिकावे म्हणून ते प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करणेही टाळावे, कारण खरेपणा तपासण्याच्या खुणा त्यामुळे पाहता येत नाहीत.

निकाल पाहताना केवळ क्रमांक जुळवून भागत नाही. सोडतीचे नाव, तारीख आणि मालिका याही जुळाव्या लागतात. दुसऱ्या मालिकेतील तोच क्रमांक पाहून पेढे वाटण्याची घाई नडते. तसेच विक्रेत्याच्या फळ्यावरील किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या निकालावर विसंबून तिकीट फाडून टाकू नये. राज्य लॉटरीच्या अधिकृत संकेतस्थळावरील निकालाशी ते स्वतः ताडून पाहावे. मोठी बक्षिसे लागली नसली तरी शेवटच्या काही आकड्यांवरील लहान बक्षिसे नजरेतून निसटतात.

बक्षिसाची मागणी कोठे करावी?

महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या बाबतीत नियम सुटसुटीत आहे. दहा हजार रुपयांच्या आतील बक्षिसाची रक्कम नजीकच्या लॉटरी विक्रेत्याकडून घ्यावयाची असते. त्यावरील रकमेची मागणी नवी मुंबईत वाशी येथे असलेल्या राज्य लॉटरीच्या कार्यालयाकडे सादर करावी लागते. म्हणजे पिंपरीकर विजेत्याला एक दिवसाची रजा टाकून द्रुतगती मार्गाने वाशी गाठावी लागेल. तो दिवस वाचविण्यासाठी तिकीट दुसऱ्याच्या हाती देण्याचा मोह टाळावा.

मागणी अर्जासोबत मूळ तिकीट, ओळख व पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड, छायाचित्र आणि स्वतःच्या बँक खात्याचा तपशील तयार ठेवावा. नेमकी कागदपत्रे कोणती, हे निघण्यापूर्वी कार्यालयाकडून विचारून घेतल्यास दुसरी खेप वाचते. तिकीट देण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंची छायांकित प्रत काढावी आणि ते जमा केल्यावर दिनांकासह पोच घ्यावी. तिकीट गोवा किंवा अन्य राज्याच्या लॉटरीचे असेल, तर मागणी त्या राज्याच्या यंत्रणेकडे करावी लागते, हे खरेदी करतानाच ध्यानात घ्यावे.

मुदतीचा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा. मागणी किती दिवसांत करायची, हे त्या त्या लॉटरीच्या नियमांत ठरलेले असते. तिकिटाच्या मागील बारीक अक्षरांतील अटी घेतानाच वाचाव्यात. ठरलेल्या मुदतीत मागणी न झालेल्या बक्षिसाची रक्कम कायद्याने राज्य शासनाची मालमत्ता होते.

याच टप्प्यावर आणखी एक सापळा असतो. ‘कागदपत्रांची कटकट नको, करही वाचेल, तिकीट मला दे, रोख घे’ असा प्रस्ताव घेऊन कोणी पुढे येते. काळा पैसा पांढरा करण्यासाठी बक्षीसपात्र तिकिटे विकत घेण्याचे प्रकार देशात घडलेले आहेत. तिकीट दिले, की पुरावा गेला. ठरलेली रक्कम मिळाली नाही, तर तक्रार कशाच्या आधारे करणार?

लाख लागले, हाती किती?

लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के आयकर लागतो. बक्षीस दहा हजार रुपयांपेक्षा अधिक असेल, तर हा कर आधीच कापून उरलेली रक्कम दिली जाते. त्याशिवाय कराच्या रकमेवर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर असतो. उदाहरणार्थ, दहा लाखांच्या बक्षिसावर ३ लाख रुपये कर आणि १२ हजार रुपये उपकर, म्हणजे एकूण ३ लाख १२ हजार रुपये द्यावे लागतात. विजेत्याकडे राहतात ६ लाख ८८ हजार. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेल्यास अधिभारही येतो.

येथे कामगारवर्गात एक गैरसमज आढळतो. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, मग दहा लाखांच्या लॉटरीवर कसा, असे विचारले जाते. बारा लाखांची ही सवलत करातील सूट आहे आणि लॉटरीसारख्या विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला ती लागू होत नाही. पूर्वी घेतलेल्या व न लागलेल्या तिकिटांचा खर्चही या उत्पन्नातून वजा करता येत नाही. बक्षीस मोटारीसारख्या वस्तूच्या स्वरूपात असेल, तर ती ताब्यात देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर असते. याउलट, पैसे हाती देण्याआधी ‘कर’, ‘प्रक्रिया शुल्क’ किंवा ‘जीएसटी’ म्हणून अनोळखी खात्यात रक्कम भरायला सांगणारा दूरध्वनी हा फसवणुकीचाच असतो. न काढलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नाही. परदेशी लॉटरीचे तिकीट घेण्यासाठी पैसे पाठविण्यास तर परकीय चलन नियमांनीच मनाई आहे. अशी फसवणूक झाल्यास तातडीने १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

वर्गणीचे तिकीट

बंपरचे महाग तिकीट एकाच विभागातील पाच-दहा जणांनी मिळून घेणे कारखान्यांत नवे नाही. केरळमधील परप्पनंगडी नगरपालिकेच्या ११ महिला सफाई कामगारांनी २०२३ मध्ये २५० रुपयांचे तिकीट वर्गणी काढून घेतले आणि त्यांना दहा कोटींचे बक्षीस लागले. अशा वेळी मैत्री टिकते ती आधी लिहून ठेवलेल्या कागदामुळे. सोडतीपूर्वीच तिकिटाचा क्रमांक, प्रत्येकाचे नाव, वर्गणी व स्वाक्षऱ्या असलेली नोंद करून प्रत्येकाने तिची प्रत ठेवावी. निकालानंतर केलेल्या नोंदीवर विश्वास बसणे कठीण.

शेवटी हिशेब

समजा, एका सोडतीत दहा मालिका आणि प्रत्येकीत चार आकडी दहा हजार तिकिटे आहेत. एकूण तिकिटे झाली एक लाख. रोज एक तिकीट घेणाऱ्याला पहिले बक्षीस लागण्याचे सरासरी प्रमाण सुमारे २७४ वर्षांत एकदा असे पडते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवरील वस्तू व सेवा कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे. हा कर तिकिटाच्या छापील किमतीतच धरलेला असल्याने शंभर रुपयांतील सुमारे २८ रुपये ५७ पैसे सोडतीपूर्वीच करापोटी जातात.

हे गणित ठाऊक असूनही तिकीट घेणारे राहतीलच आणि शासकीय लॉटरी खेळणे हा गुन्हाही नाही. मात्र तिकिटाचे पैसे करमणुकीच्या खर्चात धरावेत, गुंतवणुकीत नव्हे. उसनवारी करून किंवा घरभाड्याचे पैसे मोडून घेतलेले तिकीट लागले नाही, तर त्याची किंमत साऱ्या कुटुंबाला मोजावी लागते. ज्यांना घ्यायचेच आहे, त्यांनी शासनाची मुद्रा पाहून घ्यावे, मागे स्वाक्षरी करावी आणि अधिकृत निकाल पाहीपर्यंत ते जपून ठेवावे. बक्षीस लागणे कोणाच्याच हातात नाही; लागलेले बक्षीस न गमावणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.