कथावृक्षाच्या पारंब्या

मोठी कथा एका बैठकीत संपत नाही. महाभारताचेच पाहा. कौरव-पांडवांचे वैर हा त्या ग्रंथाचा मुख्य प्रवाह. परंतु वनवासात खिन्न झालेल्या युधिष्ठिराला ऋषी नल-दमयंतीची आणि सावित्रीची कथा सांगतात. ही उपाख्याने वगळली, तरी युद्धाचा निकाल बदलत नाही. मात्र संकटात मनुष्याने धीर कसा धरावा, हे सांगायचे राहून जाते. वडाच्या पारंब्या भूमीत रुजतात आणि त्या वृक्षालाच आधार देतात; उपकथांचेही तसेच आहे.

आजच्या युगातही अशा महाकथा निर्माण होतात. जॉर्ज ल्यूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ हा विज्ञानकल्पनेवर आधारलेला चित्रपट १९७७ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. दूरच्या आकाशगंगेतील जुलमी साम्राज्य, त्याच्याशी झुंजणारे बंडखोर आणि ‘फोर्स’ नावाच्या विश्वव्यापी शक्तीची साधना करणारे ‘जेडाय’ योद्धे यांची ती कथा. पुढे तिचे अनेक चित्रपट झाले. तरी पुष्कळ सांगावयाचे उरलेच. ते काम ॲनिमेशनच्या मालिकांनी हाती घेतले.

ॲनिमेशन म्हणजे चित्रांत प्राण ओतण्याची कला. किंचित किंचित बदललेली चित्रे सेकंदाला साधारणपणे २४ या वेगाने डोळ्यांपुढून सरकली, की चित्र चालू लागल्याचा भास होतो. महाराष्ट्राला ही कला परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास काड्या थोड्या थोड्या हलवून, प्रत्येक वेळी छायाचित्र घेऊन ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट तयार केला होता. आता या कामी संगणक साहाय्य करतो. जी नगरे, जे प्राणी व जी याने पृथ्वीवर कोठेच नाहीत, तीही चित्रकार घडवू शकतो. म्हणून विज्ञानकथेला हे माध्यम विशेष मानवते.

२००२ आणि २००५ साली आलेल्या दोन ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांच्या दरम्यान एक मोठे युद्ध घडते. चित्रपटांत त्याचा आरंभ दिसतो आणि शेवट दिसतो. मधला काळ दिसत नाही. ती रिकामी जागा २००८ साली सुरू झालेल्या ‘द क्लोन वॉर्स’ या मालिकेने भरली. २०२० पर्यंत तिचे १३३ भाग झाले. अनाकिन हा शूर जेडाय पुढे अधर्माला जाऊन मिळतो, हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक होते. मालिकेने त्याला अहसोका नावाची शिष्या दिली. तिला शिकवताना आणि सोबत्यांसाठी प्राण पणाला लावताना आपण त्याला पाहतो; मग त्याचा अधःपात आपल्याच माणसाचा वाटू लागतो. कर्णाचे औदार्य कळल्यावर त्याचा मृत्यू अधिक बोचतो, तसेच हे.

२०२१ साली ‘स्टार वॉर्स: व्हिजन्स’ या मालिकेने निराळी वाट धरली. मूळ कथेच्या कालक्रमाचे बंधन न घालता जपानमधील सात स्टुडिओंकडे नऊ लघुपट सोपवण्यात आले. ४ मे २०२३ रोजी तिचा दुसरा खंड आला. त्यात आयर्लंड, चिली, दक्षिण आफ्रिका इत्यादी देशांबरोबर भारताचाही एक लघुपट होता. मुंबईच्या ‘८८ पिक्चर्स’ या संस्थेने निर्माण केलेला आणि ईशान शुक्ला यांनी दिग्दर्शित केलेला हा लघुपट म्हणजे ‘द बँडिट्स ऑफ गोलक’.

गोलक हा एक ग्रह. चारुक आणि त्याची धाकटी बहीण राणी घर सोडून आगगाडीने निघाली आहेत. राणीच्या ठायी फोर्स जागा झाला आहे आणि अशा बालकांच्या मागावर साम्राज्याचे शिकारी आहेत. जीव वाचवीत ती दोघे एका ढाब्यावर पोहोचतात. तेथील वृद्ध स्त्री ही वस्तुतः अज्ञातवासातील जेडाय असते. शिकारी दाराशी येतो, तेव्हा तिला शस्त्र उचलावे लागते. अखेर राणी सुरक्षित राहावी म्हणून भावाला तिचा हात सोडावा लागतो.

यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील ‘शकुंतला’ ही छोटी आगगाडी आता धावत नाही. परंतु आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ती अजून आहे. गोलकवरील गाडी पाहताना तिची आठवण व्हावी, यात नवल नाही. तथापि आगगाडी आणि ढाबा दाखवला, एवढ्याने कथा आपली होते काय? परक्या देहावर आपला फेटा बांधला, तर ते केवळ सोंग ठरेल. ही कथा आपली होते ती त्या भावामुळे. बहिणीला सांभाळण्याची त्याची धडपड आपल्या ओळखीची आहे. आणि तिच्याच हितासाठी तिला दूर धाडताना त्याला काय वाटले असेल, हे जगातील कोणत्याही मुलाला समजेल. वर्षानुवर्षे भारतातील अनेक चित्रकार परदेशी मालिकांसाठी राबत आले. हात यांचे, कथा दुसऱ्यांची. येथे कथाही त्यांनीच रचली.

एक भेद मात्र विसरू नये. महाभारतातील आख्यान कीर्तनकाराने रंगवावे, त्याला कोणाची अनुज्ञा लागत नाही. ‘स्टार वॉर्स’ ही २०१२ पासून डिस्ने या कंपनीची मालमत्ता आहे. लोकांना आवडते म्हणून नवे नवे भाग काढीत राहणे, हा व्यापारही आहे. प्रत्येक पारंबी भूमीला टेकतेच असे नाही. म्हणून अशी मालिका पाहताना मनाशी विचारावे: या भागाने मला माणसाविषयी काही नवे सांगितले काय?

मुलांनो, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाने पांढरी झालेली शिवारे आहेत, टिपेश्वरचे अरण्य आहे. तुमच्याही गावात एखादी नदी, एखादा पार असेलच. त्यांतून उगवणारी कथा ग्रहताऱ्यांपर्यंत जाऊ शकते. आणि ती सांगण्यासाठी तुम्हांला कोणाची अनुज्ञा मागावी लागणार नाही.