जात्यावरची ओवी आणि हातातला मोबाईल
(भाषा आणि इतिहास-भूगोल एकत्र शिकण्याचा एक मार्ग)

शाळेच्या वेळापत्रकात मराठीचा तास वेगळा असतो आणि इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राचा तास वेगळा असतो. मराठीच्या तासाला मुले कविता पाठ करतात, इतिहासाच्या तासाला सनावळ्या पाठ करतात, आणि परीक्षा संपली की दोन्ही विसरतात. वास्तविक माणूस जे जगतो तेच तो बोलतो. आपल्या आईची, आजीची भाषा हीच तिच्या काळाची नोंदवही असते. ही नोंदवही वाचावयास शिकणे म्हणजे भाषाही शिकणे आणि समाजही शिकणे होय.

आज आपल्या वस्तीत बहुतेक घरांत एक तरी स्मार्टफोन आहे. मुले त्यावर तासन् तास चित्रफिती पाहतात अशी पालकांची तक्रार असते, आणि ती खोटी नाही. परंतु हेच यंत्र आवाज साठविते, नकाशा दाखविते, जुने ग्रंथ उघडून देते आणि देवनागरीत लिहूही देते. ते कोणत्या कामाला लावायचे हे आपण ठरवावयाचे आहे. सोसायटीच्या सभासदांना आणि विद्यार्थी मित्रांना उपयोगी पडावे म्हणून जात्यावरच्या ओवीचे एकच उदाहरण घेऊन हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

ओवी संगणकात कशी आली?

दळताकांडताना बायकांनी ओवी गाण्याची रीत फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या सन 1129 च्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ही ओवी बायकांच्या तोंडी होती. ज्ञानेश्वरीतली ओवी ग्रंथात गेली, तिच्यावर भाष्ये झाली. जात्यावरची ओवी मात्र कंठातच राहिली. जिने ती रचली तिचे नाव कुणी लिहून ठेवले नाही, कारण ती स्वतः लिहू शकत नव्हती आणि जे लिहू शकत होते त्यांना ते लिहिण्यासारखे वाटले नाही.

पुढे वीज आली, गावोगाव पिठाच्या गिरण्या झाल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. पहाटेचे कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट झाली, पण कष्टासोबत गाणेही थांबले. अशा वेळी पुण्यातील समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर व मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून बायकांकडून ओव्या लिहून घेतल्या. बर्नार्ड बेल या संगीताच्या व संगणकाच्या अभ्यासकाची त्यांना साथ मिळाली. ओव्यांचे विषयवार वर्गीकरण झाले आणि पुष्कळशा ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. हजाराहून अधिक गावांतून जमलेल्या या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 साली सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ अर्थात ‘पारी’ या संकेतस्थळावर 2017 सालापासून हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागला. तेथे ओवी वाचता येते, पुष्कळ ठिकाणी ऐकताही येते, आणि गाणारीचे नाव व गाव दिलेले असते. ज्या बाईला अक्षर येत नव्हते ती आता नावागावासह कवयित्री म्हणून उभी आहे. आमच्या मते संगणकाने केलेले हे मोठेच काम आहे.

मराठीचा पाठ : ऐकणे आणि लिहिणे

वर्गात पहिल्या दिवशी एकच ओवी घ्यावी. प्रथम ती फक्त ऐकवावी, अक्षरे दाखवू नयेत. मुलांनी कानाने ऐकून वहीत लिहावे. मग छापील ओवी दाखवून ताळा करावा. पुष्कळदा असे दिसेल की छापील ओवी दोनच ओळींची आहे, पण गाताना तिच्यात ‘बाई’, ‘ग’ असे शब्द येतात आणि ओळीचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. हे शब्द का आले? जात्याच्या फेऱ्याला लय हवी म्हणून. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने घास टाकायचा आणि श्वास पुरवायचा, या कामातून ओळीची लांबी ठरते. छंद म्हणजे काय हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा येथे लवकर कळते.

दुसरी गोष्ट शब्दांची. ओवीत ‘मुऱ्हाळी’ हा शब्द आला तर शहरातल्या मुलाला तो ठाऊक नसतो. सासरी असलेल्या मुलीला माहेरी नेण्यासाठी जो येतो तो मुऱ्हाळी. असे शब्द शोधण्यासाठी पूर्वी मोठ्या ग्रंथालयात जावे लागे. आता मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची पहिली आवृत्ती 1831 ची व दुसरी 1857 ची, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य पाहता येतो. आपला मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. मुलाने शब्द आधी कोशात शोधावा आणि मग घरी जाऊन आजीला विचारावा. कोशातला अर्थ आणि आजीने सांगितलेला अर्थ यांत फरक निघाला तर दोन्ही लिहावेत.

तिसरी गोष्ट बोलीची, आणि ती आम्हास सर्वात महत्त्वाची वाटते. आपली मुले घरी ‘पानी’, ‘व्हतं’, ‘म्या’ असे बोलतात, शाळेत त्यांना ‘अशुद्ध’ म्हटले जाते, आणि हळूहळू मूल वर्गात तोंडच उघडेनासे होते. ओवी उतरविताना मुलांना सांगावे की जसे ऐकाल तसेच लिहा, एक अक्षर सुधारू नका. शेजारच्या रकान्यात तेच प्रमाण मराठीत लिहा. असे दोन रकाने समोर आले म्हणजे मुलाला कळते की बोली ही चूक नव्हे, ती दुसरी रीत आहे. प्रमाण मराठी आलीच पाहिजे, कारण परीक्षा, अर्ज, नोकरी सर्व तिच्यातच आहे. परंतु ती शिकण्यासाठी आजीच्या भाषेची लाज बाळगण्याची गरज नाही.

इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र

आता त्याच ओवीकडे दुसऱ्या नजरेने पाहू. भावाची वाट पाहणारी बहीण हा ओव्यांचा नेहमीचा विषय आहे. संग्रहात गावाचे नाव दिलेले असते. गूगलच्या किंवा ‘इस्रो’च्या ‘भुवन’ या नकाशावर ते गाव शोधावे. मध्ये नदी आहे का, घाट आहे का, रस्ता कोठून जातो, हे पाहावे. मग मुलांनी आपापल्या आजीचे सासर आणि माहेर नकाशावर मांडावे आणि तेव्हा तेथे कसे जात असत ते तिला विचारावे. अंतर किलोमीटरमध्ये मोजले की भूगोल झाला. ते अंतर वर्षातून एकदाच का ओलांडता येत असे, हे विचारले की समाजाचा अभ्यास झाला.

लहान वयात सासरी गेलेल्या मुलीचे दुःख पुष्कळ ओव्यांत आहे. येथे कायद्याचा पाठ घेता येतो. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय 14 आणि मुलाचे 18 ठरविले. 1978 च्या दुरुस्तीने ते 18 व 21 झाले. 2006 साली बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा झाला. मुलांनी घरातील तीन पिढ्यांच्या बायकांना लग्नाचे वय विचारून संगणकावर साधा तक्ता करावा : पणजी, आजी, आई. प्रत्येकीच्या नावापुढे त्या वर्षी कायदा काय होता ते लिहावे. कायदा कागदावर येणे आणि तो घरात येणे यांत किती वर्षे गेली हे मुलाला आपल्याच घरात मोजता येते.

इतिहासासाठी एक गट आपल्या अगदी जवळचा आहे. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे 1996 साली बायकांनी गायिलेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व रमाबाई यांच्याविषयीच्या ओव्या या संग्रहात आहेत. त्या ऐकताना मुलांना एक प्रश्न द्यावा : यात घडलेली गोष्ट कोणती आणि गाणारीच्या मनातली गोष्ट कोणती? बाई भीमरावांना आपल्या नात्यातला माणूस मानून गाते. ओवीत तारीख नसते, ठराव क्रमांक नसतो. त्यासाठी दुसरीकडे जावे लागते. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड आता संगणकावर वाचता येतात. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी 20 मार्च 1927 रोजी घेतले गेले, त्याचा दिवाणी दावा चालला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, हे कागद सांगतात. पण त्या पाण्याने दूरच्या खेड्यातील एका बाईच्या मनात काय हलले, हे न्यायालयाचा कागद सांगत नाही. ते ओवी सांगते.

दोन्ही साधने समोर ठेवून ‘हे कशावरून?’ असे विचारावयास शिकणे हाच इतिहासाचा खरा अभ्यास होय. जो विद्यार्थी ओवी आणि निकालपत्र यांतला फरक ओळखू शकतो, तो मोबाईलवर आलेला कोणताही निरोप डोळे मिटून पुढे पाठविणार नाही.

चार रविवारांचा आराखडा

सभासदांपैकी जे वर्ग घेऊ इच्छितात त्यांच्यासाठी एक सोपा क्रम देतो. दहा मुलांमागे एक मोबाईल पुरेसा आहे.

पहिला रविवार : संग्रहातील तीन ओव्या ऐकणे, उतरविणे, शब्द शोधणे.

दुसरा रविवार : प्रश्न तयार करणे. ‘तुम्हाला दुःख होते का?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर ‘हो’ एवढेच येते. ‘पहाटे किती वाजता उठत होता? किती पायली दळत होता? जोडीला कोण बसायचे?’ असे विचारले म्हणजे बोलणे वाहू लागते. प्रश्न विचारता येणे ही भाषेची मोठी परीक्षा आहे. मुलांनी आठवडाभरात घरातील किंवा शेजारच्या एका वृद्धेचे पंधरा मिनिटांचे बोलणे मोबाईलवर साठवावे. गाणे आठवले तर उत्तम, न आठवले तरी हरकत नाही.

तिसरा रविवार : ऐकून लिहिणे. आता मोबाईल बोललेले शब्द स्वतःच मराठीत टंकित करतो, पण बोलीतले शब्द तो हमखास चुकवितो. त्या चुका मुलांकडूनच शोधून घ्याव्यात. शुद्धलेखनाचा याहून चांगला सराव नाही. नंतर गाव नकाशावर मांडावे आणि सांगितलेल्या घटनांची वर्षे ताडून पाहावीत. ‘दुष्काळात आम्ही खडी फोडली’ असे आजी म्हणाली तर तो 1972 चा दुष्काळ असू शकेल. त्याच काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली, याची माहिती मुलांनी मिळवावी.

चौथा रविवार : प्रत्येकाने दोन पानांचा लेख स्वतःच्या शब्दांत लिहून वर्गात वाचावा. ज्या वृद्धेने माहिती दिली तिला त्या दिवशी बोलवावे आणि लेख तिच्यासमोर वाचावा. तिने ‘असं नव्हतं, पोरा’ असे म्हटले तर तेथेच दुरुस्ती करावी.

काही दक्षता

आवाज साठविण्यापूर्वी परवानगी घ्यावी. घरातील छळाच्या, उपासमारीच्या गोष्टी बाई विश्वासाने सांगते. त्या तिला न विचारता इतरांना पाठविणे हा तिचा विश्वासघात होय. तिने नको म्हटले तर ध्वनिफीत पुसून टाकावी.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. त्यांना सांगितले तर क्षणात ओवीसारख्या दोन ओळी जुळवून देतात, आणि विचारले तर मोठ्या खात्रीने चुकीची तारीखही सांगतात. म्हणून विद्यार्थ्यांना एक नियम घालून द्यावा. ओवी कोणी गायिली, कोठे गायिली, कोणी लिहून घेतली हे ज्यात नाही ते आपल्या वहीत उतरवू नये.

आणखी एक. मोबाईल नसलेल्या घरातील मुलास या वर्गात मागे राहू देऊ नये. त्याने वही-पेन्सिल घेऊन आजीजवळ बसावे. राईरकर, पॉइत्वाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही आधी हातानेच लिहिले होते, संगणक नंतर आला.

जाते ओढलेल्या पिढीतील बायका आता सत्तरी-ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. आपल्या प्रत्येक इमारतीत, प्रत्येक चाळीत त्यांपैकी एखादी अजून आहे. तिच्याजवळ बसावयास पंधरा मिनिटे लागतात. ती गेल्यावर कोणत्याही संकेतस्थळावर शोधून ती पंधरा मिनिटे मिळणार नाहीत. येत्या सुटीत सोसायटीच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, आणि पुढील स्मरणिकेची काही पाने त्यांच्या हस्ताक्षरातील, आजीच्या शब्दांतील लेखांनी भरावीत, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.